बारा पावसाळे उभी राहिलेली बुलेट

उभ्या गाडीला किक मारायची नाही. पडवीत जुनी बुलेट सापडली की बघायला आलेला प्रत्येक जण आधी किकवर पाय ठेवतो आणि "बघू या, कॉम्प्रेशन आहे का" म्हणतो. नुकसान नेमकं तिथेच होतं. पिस्टन गंजाने ब्लॉकला धरलेला असेल तर सगळा जोर गिअरबॉक्समधल्या किकच्या पॉलवर, म्हणजे किकला पकडणाऱ्या खटक्यावर, येतो आणि तिचा दात उडतो. पिस्टन मोकळा असेल तर रिंगा गंजावरून खरवडत वर-खाली जातात. हे दोन्ही टळलं तरी बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथे) तेलाचा थेंबही नसताना क्रँक फिरलेला असतो. गाडी पडवीतून गॅरेजात येईपर्यंत आमचं मुख्य काम लोकांचे पाय आवरण्याचंच होतं.

गाडी १९८२ची बुलेट ३५०. ब्लॉक कास्ट आयर्नचा, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, वायरिंग सहा व्होल्टचं. डिचोली तालुक्यातल्या एका घराच्या पडवीत ती बारा पावसाळे उभी होती. गोव्यात गाडी चालून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त खराब होते. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की छपराखालच्या गाडीलाही आतून घाम येतो. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असेल तर तो ओलावा थेट सिलिंडरमध्ये जातो. शिवाय उंदीर वायरिंग खातात आणि कुंभारमाशी दिसेल त्या भोकात मातीचं घर बांधते. या गाडीच्या क्रँककेसच्या ब्रीदर नळीत बोटभर लांबीची माती भरली होती. ती तशीच ठेवून इंजिन चालू केलं असतं तर आतला दाब सील फोडून बाहेर आला असता.

चवथ, म्हणजे गणपती, संपल्यावर काम काढलं. पहिल्या दिवशी पाना न लावता फक्त फोटो काढले: प्रत्येक वायर, प्रत्येक केबलचा मार्ग, कुठला वायसर कुठे आहे ते. हा कंटाळवाणा दिवस चुकवू नये. जुन्या गाडीत आधीच्या तीन मेस्त्रींनी तीन प्रकारचे बोल्ट बसवलेले असतात, आणि जोडताना फोटो नसेल तर एखादा लांब बोल्ट भलत्या जागी जाऊन केसिंगला भोक पाडतो.

दुसऱ्या दिवशी तेल काढलं. या इंजिनाची तेलाची टाकी वेगळी नाही, क्रँककेसच्याच ओतीव भागात मागच्या बाजूला आहे आणि तिच्यात सव्वादोन लिटर तेल मावतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँकच्या खाली उतरतं. त्यामुळे टाकीचा ड्रेन बोल्ट काढून भागत नाही, क्रँकखालचाही काढावा लागतो. टाकीतून जेमतेम पाव लिटर निघालं. क्रँकखालून दीड लिटरच्या वर निघालं, तेही चहात दूध घातल्यासारखं. त्या रंगाचा अर्थ आत पाणी आहे. अशा तेलात क्रँक बुडालेला असताना किक मारली तर तेल ब्रीदरमधून उडतं, आणि इथे तर ब्रीदरच बुजलेला होता.

मग प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून १०० मिली सोडलं. रोज थोडं थोडं परत. सहाव्या दिवशी गाडी सेंटर स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाकला आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवून बघितलं. किकपेक्षा चाक बरं, कारण हाताला अडथळा लगेच कळतो आणि जोरही बेताचाच लागतो. आठव्या दिवशी चाक दोन बोटं सरकलं. ब्लॉकमधून उतरलेलं डिझेल विटकरी लाल होतं.

हेड आणि ब्लॉक उतरवल्यावर कारण दिसलं. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहून गाइडमध्ये अडकला होता. रिंगा ज्या उंचीवर बारा वर्षं टेकून होत्या तिथे ब्लॉकला गंजाचे खड्डे पडले होते. खड्ड्यासाठी ब्लॉक बोअर करायचा (आतून मोठा कापायचा) की होनिंग (दगडाने घासणं) पुरेल हे ठरवायची आमची रीत साधी आहे. नखाला अडकला तर बोअर, नाही अडकला तर नुसतं होनिंग. आमचा अडकत होता. ब्लॉक अजून स्टँडर्ड मापाचाच होता हे नशीब. या गाडीला पिस्टन ०२०, ०३०, ०४० आणि ०६० अशा वाढीव मापांत मिळतात आणि हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे आहेत. म्हणजे ०२०ला बोअर ७०.५१ मिमी होतो आणि ०६०ला ७१.५२ मिमी. त्यानंतर आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, बसवणं एवढाच मार्ग उरतो. खड्डे ०२०त निघाले नाहीत, ०४०ला निघाले.

बोअरच्या कामाला ब्लॉक बेळगावला पाठवला. तिकडे फाउंड्री आणि लेथचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे आणि डिचोली तालुक्यातल्या साखळी गावाहून चोर्ला घाटाने सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो. यात आमची एक चूक झाली, ती सांगतो. पिस्टन हातात येण्याआधीच ब्लॉक पाठवला, "०४० कर" असं सांगून. बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो, नंबराच्या मापाने नाही. एकाच नंबराचे दोन पिस्टन मायक्रोमीटरखाली धरले तर सारखे भरत नाहीत. सुदैवाने लेथवाला आमच्याहून शहाणा. त्याने ब्लॉक तसाच ठेवून दिला आणि पिस्टन आणा म्हणून निरोप धाडला.

ब्लॉक परत आला की आधी धुवायचा, आणि रॉकेलने नाही तर गरम पाणी, साबण आणि ब्रशने. होनिंगच्या दगडाची बारीक पूड लोखंडाच्या रेघांत बसते, ती रॉकेलने निघत नाही, साबणाने निघते. पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं. पाणी पुसल्या पुसल्या तेलाचा हात द्यायचा. आम्ही कॅमेरा आणायला गेलो तेवढ्यात, दहा मिनिटांत, ब्लॉकवर केशरी झाक आली होती आणि परत सगळं धुवावं लागलं. रिंगा एकेक करून ब्लॉकमध्ये सोडून, पिस्टनने सरळ ढकलून, फटीत फिलर गेज घातला. ०.३० ते ०.४० मिमीच्या मध्ये भरली की पुरे. फट कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकाला टोक भिडते आणि मोडते.

आता बिग एंड. बुलेटच्या या जुन्या इंजिनांत तिथे रोलर बेअरिंग नसून फ्लोटिंग बुश असतो. तो क्रँक पिन आणि कनेक्टिंग रॉड यांच्या मधल्या तेलाच्या थरावर तरंगतो. तेल स्वच्छ आणि पुरेसं असलं की तो वर्षानुवर्षं चालतो, नसलं की काही मिनिटांत जातो. तपासायचं असं: पिस्टन खाली आणून रॉड दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढायचा. आडवा हलला तर चालतो, उभा खेळ अजिबात नको. आमच्यात टक् असा बारीक आवाज येत होता. म्हणजे इंजिन फ्रेममधून खाली, केस उघडली, क्रँक प्रेसवर.

इथे मतभेद होतात. काही जण मूळचा बुशच ठेवा म्हणतात आणि त्यांचं चूक नाही. आम्ही रोलरचा बिग एंड घातला. कारण गाडी घाटात चालायची आहे, आणि कमी आरपीएमला जास्त ओढताना तेलाचा दाब मंदावतो तेव्हा रोलर जास्त सहन करतो. क्रँक जुळवून आल्यावर दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावला. दोन हजारांश इंचाच्या, म्हणजे ०.०५ मिमीच्या आत डगमग असेल तरच केसमध्ये घालायचा. त्याहून जास्त डगमग असलेला क्रँक ६० किलोमीटरच्या वेगाला पायांना मुंग्या आणतो, मग हँडलला रबर लावून फायदा नाही.

तेलाच्या रस्त्यावर आम्ही सगळ्यात जास्त दिवस घालवले. पंपाच्या दोन चकत्या स्प्रिंगच्या दाबाने केसिंगवर टेकून फिरतात. त्या चकत्यांवर चरे असले की तेल ओढण्याऐवजी परत गळतं आणि गाडी उभी असताना टाकीही लवकर रिकामी होते. काचेवर बारीक व्हॉल्व्ह पेस्ट पसरून त्या इंग्रजी आठच्या आकड्यात घासल्या, सगळा पृष्ठभाग एकसारखा राखाडी होईपर्यंत. पंप फिरवणारा वर्म नट क्रँकच्या टोकाला असतो आणि त्याचे आटे उलटे आहेत. हे विसरून नेहमीच्या दिशेने जोर लावणाऱ्यांनी किती टोकं मोडली असतील! टायमिंग कव्हरमध्ये क्रँकच्या तोंडाशी कॉर्कचं सील असतं. कव्हर काढलं की ते नवंच घालायचं, जुनं बरं दिसलं तरी. तिथून तेल सुटलं तर बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि आत बिग एंड कोरडा पडतो. तसंच फेल्टच्या फिल्टरचं. त्याचे वायसर उलट-सुलट बसले तर फिल्टरच तेलाचा रस्ता अडवतो. म्हणून काढताना एका तारेत, निघाले त्याच क्रमाने, ओवून ठेवायचे.

हेड बसवण्याआधी व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड काचेवर लोळवून बघितले. एक वाकडा निघाला, अडकलेल्या एग्झॉस्टचाच. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना लावायचे. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इथे फिलर गेजचं काम नाही, बोटांचं आहे.

इग्निशन सोपं आहे. त्यातली अर्धी डोकेदुखी पॉइंटच्या (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या स्विचच्या) तोंडावर जमलेल्या पांढऱ्या थराची असते. सँडपेपर लावू नका, त्याचे कण तोंडात अडकतात. बारीक कानस आणि मग कोरा जाड कागद. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग अॅडव्हान्स पूर्ण मागे असताना टॉपच्या ०.८ मिमी आधी. पॉइंट नेमका कुठे उघडतो ते कळायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मध्ये धरतात, तो सुटला की उघडला. अँपिअर मीटरही तेच सांगतो. दिवे बंद ठेवून इग्निशन चालू केलं की पॉइंट मिटलेला असताना काटा वजाकडे झुकतो, उघडला की मध्यावर येतो. चालू करायची जुनी रीत यावरच उभी आहे. किक हळू दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत यायचं, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून काटा मध्यावर येईपर्यंत पुढे सरकायचं, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग एकच पूर्ण किक. घाईने अर्धी किक मारणाऱ्याच्या पोटरीवर ही गाडी परतफेड करते.

पॉइंटला जोडलेला कंडेन्सर मात्र न तपासता बदलला, आणि एक जादा घेऊन टूलबॉक्समध्ये ठेवला. गरम झाल्यावर मिसफायर आणि थंड झाल्यावर ठीक, ही त्याची तक्रार रस्त्यात कार्बोरेटरच्या माथी मारली जाते आणि लोक अर्धा दिवस जेट फुंकत बसतात.

कार्बोरेटर म्हणून आधीच्या कुणीतरी मिककार्ब व्हीएम २४ बसवला होता, तोच ठेवला. फ्लोटच्या वाटीत वाळलेल्या पेट्रोलचा हिरवट थर होता. जेट तारेने कोरायचे नाहीत. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. स्प्रे आणि हवा पुरे. एअर स्क्रू पूर्ण मिटवून दीड फेरा उघडला, बाकी इंजिन गरम झाल्यावर कानाने. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचं रबर आणि फ्लोटची सुई तिन्ही नवीन घातली. गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर वाटीचा बोल्ट काढून पेट्रोल सांडून टाकायचं. आपल्याकडच्या पावसात हा नियम दोन आठवड्यांचा नाही, आठवड्याचा धरा.

पेट्रोलच्या टाकीतला गंज काढायला बाजारात निरनिराळी रसायनं मिळतात. आम्ही साधं सिंथेटिक व्हिनेगर वापरलं. माडाचं विनागर सोरपोतेलाला (डुकराच्या मांसाच्या गोवन पदार्थाला) राहू दे, ते महाग आणि त्यात गाळही असतो. आधी कॉक काढून भोक बंद केलं, मूठभर नट-बोल्ट आणि साबणाचं पाणी घालून टाकी गोधडीत गुंडाळून हलवली. त्यात सुट्या पापुद्र्यांचा अर्धा डबा निघाला. मग टाकी व्हिनेगरने काठोकाठ भरून तीन दिवस ठेवली. ओतल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुतली, लगेच ब्लोअरची गरम हवा मारली आणि आत पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक तेल मिसळून फिरवलं. हे सलग एका बैठकीत करायचं. मध्ये जेवायला उठलात तर गंज परत येतो. हे सगळं रंगाच्या आधी करा, व्हिनेगर ओघळला तर नवा रंग उतरतो.

रंग दसऱ्यानंतर. पावसात मारलेला रंग हवेतला ओलावा धरून पांढुरका येतो, मग पॉलिशने काही होत नाही. एक सांगायचं राहू नये. फ्रेम पावडर कोटिंगला किंवा सँड ब्लास्टिंगला देण्याआधी चेसिस नंबरावर जाड टेप लावा आणि तसं लिहून द्या. नंबर बुजला तर पुढे आरटीओत त्याचा पेन्सिलने छाप निघत नाही, आणि मग चकचकीत गाडी घरातच शोभते.

क्रोमवर आम्ही फार खर्च केला नाही. समुद्रापासून पंधरा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने क्रोमपेक्षा ब्रेकला पैसे द्यावेत. जुन्या ब्रेक शूची लायनिंग नुसती चिकटवलेली असेल तर ओलाव्याने सुटते. आमची मागची लायनिंग नखाने उचलली गेली. चालत्या गाडीत ती ड्रममध्ये अडकून चाक जाम करते. टायर दोन्ही ३.२५-१९, नवेच. बाजूवरचा चार आकडी तारीख-कोड वाचून घ्यायचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. हँडलच्या रेसमध्ये पाव इंची छर्रे, वर १९ आणि खाली १९, सगळे बदलले. चेन ताणायला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या गोगलगाय-कॅमचे खाचे मोजून सारखे ठेवले.

क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सोडवून धुतल्या. प्रायमरी केसमध्ये ४२० मिली तेल. तिचं बाहेरचं झाकण एकाच नटावर आहे. गळायला लागलं की लोक तो नट आवळतात, झाकण वाकतं आणि आणखी गळतं. रबराचं सील नवं घाला आणि नट बेताचा. गिअरबॉक्समध्ये नुसतं ९० नंबरचं तेल भरलं की स्लीव्हवरून चेनवर उतरतं. आम्ही पातळ ग्रीस आणि तेल मिसळून भरतो, डाग पडतो पण ओघळ येत नाही. हे गिअरबॉक्स अजिबात गळायला नको असं वाटणाऱ्याने दुसरी गाडी घ्यावी.

पहिल्यांदा चालू करण्याआधी फिल्टरच्या खोलीत तेल ओतलं, तेलाच्या टाकीत २०डब्ल्यू५० ऑइल भरलं, प्लग काढला, डिकॉम्प्रेसर ओढून धरला आणि रॉकरला जाणाऱ्या नळीचा बोल्ट सैल करून किक मारत राहिलो. पन्नासेक किकांनंतर तिथे तेलाचा पहिला फुगा आला. तोपर्यंत प्लग लावायचा नाही. मग प्लग ०.५ मिमी गॅप ठेवून लावला. तिसऱ्या पूर्ण किकेला इंजिन चालू झालं. अर्धा तास मंद चालवलं, पंखा समोर ठेवून. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आडवे-तिरपे परत आवळले आणि टॅपेट परत बघितले, कारण नवं गास्केट दबल्यावर फरक पडतोच.

३०० किलोमीटरला पहिलं तेल बदललं. ड्रेन बोल्टवर राखाडी चिखल होता, तो ठीक. चकचकीत कण दिसले असते तर परत उघडलं असतं. पहिले ८०० किलोमीटर ताशी ५०च्या आत, आणि एकाच वेगाने लांब नाही. नव्या रिंगा कमी-जास्त वेगानेच बसतात.

दरम्यान कागद. गाडी गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाची, म्हणून नंबर जीडीने सुरू होणारा आणि पुस्तक हाताने लिहिलेलं. असा नंबर 'वाहन' पोर्टलवर दिसत नसेल तर मूळ आरटीओत जुन्या रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते. ती होईपर्यंत विमा, पीयूसी, काहीच पुढे सरकत नाही. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, विकत घेतली असेल तर २९ आणि ३०. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, तपासणी होऊन पाच वर्षांसाठी मिळतं. पीयूसीला या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे, एअर स्क्रू नीट लावलेलं इंजिन त्यात बसतं. काही जण व्हिंटेज नोंदणी सुचवतात. त्याला २०२१च्या नियमाप्रमाणे गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते, आणि 'व्हीए' नंबर घेतलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आपल्याला घाट चढायचा आहे, तेव्हा ते विसरायचं.

रविवारी सकाळी सहा-साडेसहाला साखळीत जुन्या गाड्यावाले जमतात ते पातळभाजी-पावापुरते नाही. क्लचचा पुलर एकाच्या घरात, वर्म नटाचा पाना दुसऱ्याच्या, डायल गेज तिसऱ्याच्या. एकट्याने ही तीन हत्यारं घेऊन वर्षातून एकदा वापरण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरात वागातोरला रॉयल एनफिल्डचा मोठा मेळावा भरतो, रायडर मेनिया नावाने होता तो २०२३पासून मोटोव्हर्स झाला. तिथे गाड्या बघायला जरूर जावं. पण कॉर्कचं सील कुणाकडे जादा आहे हे रविवारच्या टपरीवरच कळतं. नव्याने येणाऱ्याने एवढंच करावं: गाडी घेऊन यावं, सल्ला ऐकावा आणि निघताना आपलं तेलाचं भांडं दुसऱ्याला द्यावं.

एकत्र जायचे आमचे काही नियम आहेत. सगळ्यात हळू गाडी दुसऱ्या क्रमांकावर, पुढचा तिच्या वेगाने. कास्ट आयर्न ब्लॉकच्या बुलेटसाठी तो ताशी ६०-६५. सर्वांत मागे हत्यारांची पिशवी असलेला. बऱ्याच जुन्या गाड्यांना इंडिकेटर नाहीत, म्हणून वळण्याची खूण हाताने आणि ती मागच्याने पुढे द्यायची. दर ४०-५० किलोमीटरला थांबून बोल्टांवर हात फिरवायचा. सायलेन्सरचा आणि नंबरप्लेटचा बोल्ट आधी जातो. आणि घाटात गाड्या अदलाबदल करायच्या नाहीत. नव्या गाडीची सवय असलेला माणूस वळणावर ब्रेक म्हणून उजवा पाय दाबतो आणि गिअर पडतो. पर्वरीकडून पणजीत येणाऱ्यांना लक्षात आणून द्यावं लागतं की मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या मांडवी पुलानेच यायचं. फेरीबोटीत चढताना ओल्या लोखंडी उतारावर पहिला गिअर, पुढचा ब्रेक नाही, आणि आत गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करायची.

फेब्रुवारीत पहिला चोर्ला. टाकी साखळीत भरली. केरीपर्यंत रस्ता सपाट, अंजुणे धरणाच्या पाण्यावर धुकं, तिथे दहा मिनिटं थांबून इंजिन निवू दिलं. पुढे चढण. पुढच्या स्प्रॉकेटला १६ दात आहेत. सपाटीवर आरामात पळावी म्हणून १७ दातांचं घालणारे आहेत, पण मागे माणूस बसवून घाट चढणाऱ्याने १६च ठेवावं. तिसऱ्यात ओढत नाही आणि दुसऱ्यात ओरडते अशी मधली जागा १७ला फार वेळा येते. वळणाच्या आधीच दुसरा टाकायचा. इंजिनाचा आवाज 'धप-धप' वरून 'ठक-ठक' व्हायला लागला की टायमिंग पुढे आहे किंवा तुम्ही वरच्या गिअरमध्ये आहात, बहुतेक वेळा दुसरंच. कणकुंबीला पोचल्यावर तेल तपासलं: पातळी तीच, रॉकरच्या झाकणाला ओलावा, गिअरबॉक्सखाली दोन थेंब. खिशात प्लग, कंडेन्सर, क्लच केबल, चेनची जोडकडी, तार, आणि प्लास्टिकच्या बाटलीत अर्धा लिटर तेल होतं. वापरलं फक्त तार, तेही दुसऱ्याच्या येझदीचा सायलेन्सर बांधायला.

मेच्या अखेरीस ती परत उभी करायची आहे, या वेळी शहाणपणाने. तेल बदलून ठेवायचं, कारण जुन्या तेलातलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसतं. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, कार्बोरेटरची वाटी रिकामी. प्लगच्या भोकातून १० मिली तेल सोडून चाकाने फिरवायचं आणि पिस्टन कॉम्प्रेशनला वर ठेवायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. सेंटर स्टँडखाली फळी, दोन्ही चाकं जमिनीपासून वर. बॅटरी काढून घरात. ब्रीदरच्या नळीला आणि सायलेन्सरच्या तोंडाला तेलाचं फडकं, आणि ते काढायची आठवण म्हणून चावीला त्याच फडक्याची चिंधी बांधून.